नोंदीवर पिकणारा पैसा

अमेरिकेत टेक्सासमधल्या लबॉक शहराभोवतीच्या काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, कापसाचं वर्ष तीन तारखांवर उभं असतं आणि तिन्ही तारखा कचेरीतल्या आहेत. १५ मार्च, १५ जुलै आणि १ ऑक्टोबर. पहिलीला रान उघडं पडलेलं असतं; त्या दिवसापर्यंत पीकविमा उतरवायचा आणि सरकारी कार्यक्रमातला आपला पर्याय कळवायचा. दुसरीला कापूस पात्यांवर असतो. तोवर कुठल्या तुकड्यात काय पेरलं ते सरकारी नकाशावर लिहून द्यायचं. तिसरीनंतर पैसे यायला लागतात, पण ते समोर फुटत असलेल्या बोंडांचे नसतात. ते आधीच्या हंगामाचे असतात, आणि बऱ्याचदा त्या हंगामात कापूस वेचला की नाही याच्याशीही त्यांचा संबंध नसतो.

हे शेवटचं वाक्य वाचून आपल्याकडचा शेतकरी थबकेल. हमीभाव मिळवायचा तर कापूस गाडीत भरून केंद्रावर न्यावा लागतो, ओलावा मोजायचं यंत्र आठ ते बारा टक्क्यांच्या आत बोललं तरच पुढचं बोलणं. अमेरिकेच्या ग्रामीण काउंटीत सरकारी पैशाचा मोठा भाग यातल्या कशालाच हात लावत नाही. तो पिकामागे जात नाही, नोंदीमागे जातो. ही गोष्ट एकदा पक्की धरली की तिथल्या अनुदानाचा गुंता बराचसा सुटतो, आणि त्यावर होणारी भांडणंही कळायला लागतात.

आधी मुलूख. लबॉक, लिन, डॉसन, टेरी, हॉकली, गेन्स ही त्या पठारावरच्या काउंट्यांची नावं. टेक्सासात एकूण २५४ काउंट्या. लिन काउंटी क्षेत्रफळानं आपल्या अडीच-पावणेतीन तालुक्यांएवढी, पण लोकवस्ती सहा हजारांच्या आत. पाऊस वर्षाला अठरा-एकोणीस इंच, म्हणजे आपल्या माण-आटपाडीकडच्या दुष्काळी पट्ट्याच्या जातीचा. खाली ओगालाला नावाचा भूजलसाठा आहे, तो उपसून उपसून खोल गेलाय. ज्याच्या विहिरी चालतात त्याचं शेत बागायत, बाकीच्यांचं कोरडवाहू. मैलभर लांब, मैलभर रुंद, ६४० एकरांचे सेक्शन आखलेले. वारा सुटला की वाळू कोवळ्या रोपांना अक्षरशः कापते, म्हणून पाऊस पडून गेला की लगोलग सँडफायटर नावाचं अवजार फिरवून जमिनीचा वरचा थर ओबडधोबड करून ठेवतात. कापूस करायला हा मुलूख सोपा नाही, तरी जगातल्या सर्वांत मोठ्या सलग कापूसपट्ट्यांत त्याची गणना होते. यात हवामानाचा वाटा किती आणि अनुदानाचा किती, हा वाद तिथल्या जिनिंगवरही चालतो.

काउंटीच्या मुख्य गावात फार्म सर्व्हिस एजन्सीची, म्हणजे एफएसएची, कचेरी असते. देशभर अशा दोन हजारांहून अधिक. तिथे शेताला एक फार्म नंबर असतो, त्याखाली ट्रॅक्ट, त्याखाली फील्ड. गट नंबर आणि पोटहिस्से माहीत असलेल्या माणसाला हे लगेच समजतं. फरक एवढाच, की एफएसएच्या कागदानं मालकी सिद्ध होत नाही. ती काउंटी क्लार्ककडच्या दस्तांत असते. एफएसएच्या कागदावर जमीन कोण कसतं, कुठल्या वाट्यानं कसतं आणि पूर्वी तिच्यात काय पेरलं होतं, एवढंच असतं. पैशाच्या दृष्टीनं तेच पुरेसं आहे.

१५ जुलैचा अहवाल म्हणजे ५७८ क्रमांकाचा फॉर्म. कचेरी आपल्याला हवाई छायाचित्रावर आखलेले फील्ड छापून देते. प्रत्येक फील्डवर पीक, प्रकार, पेरणीची तारीख, बागायत की कोरडवाहू, आणि कोणाचा किती वाटा हे भरायचं. वाचायला सोपं वाटतं, चुका मात्र इथेच होतात. १६० एकरांच्या चौकोनात फिरणारं सेंटर पिव्हट घ्या. त्याचं वर्तुळ १२५ एकरांच्या आसपास भिजवतं, उरलेले चार कोपरे मिळून पस्तीसेक एकर कोरडे राहतात. कोपऱ्यांतही तोच कापूस, त्याच दिवशी पेरलेला, म्हणून घाईत सगळे १६० एकर बागायत लिहिले जातात. मग विमा कंपनीकडे १२५ आणि एफएसएकडे १६०. दोन्हीकडचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले जातात. विसंगती निघाली की दावा तिथेच अडकतो. यंदा विहिरीचं पाणी घटलं आणि पिव्हट अर्धंच फिरवलं, तरी नोंद गेल्या वर्षीचीच उतरवली, हाही नेहमीचा प्रकार. पीक उगवलंच नाही तर ते नोंदवायचं कशाला, असं समजून काही जण ते फील्ड वगळतात. ही चूक सर्वांत महाग पडते. फसलेलं पीकही पेरलेलंच धरलं जातं. फक्त त्यासाठी नुकसानीची सूचना वेळेत द्यावी लागते.

बाकीचे फॉर्म थोडक्यात. एडी-१०२६ म्हणजे धूप होणारी जमीन आराखड्याशिवाय नांगरणार नाही आणि पाणथळ जागा बुजवणार नाही, अशी हमी. ही अट १९८५ च्या कायद्यानं आली. २०१४ पासून विम्याच्या हप्त्यावरचं अनुदानही तिला जोडलं गेलं. हा फॉर्म १ जूनपर्यंत दाखल नसेल तर पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता पूर्ण भरावा लागतो. नवा शेतकरी यात हमखास सापडतो, कारण विमा एजंट वेगळा, कचेरी वेगळी, आणि एकाला वाटतं की दुसऱ्यानं सांगितलं असेल. सीसीसी-९०२ मध्ये शेतीची घडी लिहायची: जमीन कोणाची, भांडवल कोणाचं, कष्ट कोणाचे, कारभार कोणाचा. सीसीसी-९४१ उत्पन्नाचा. तीन वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी नऊ लाख डॉलरच्या वर गेली की पैसे बंद. ही तीन वर्षं चालू नसतात, मागची असतात. २०२४ साठी २०२०, २०२१ आणि २०२२ पाहिली गेली. एखाद्यानं त्यातल्या एका वर्षी जमिनीचा तुकडा विकला असेल, तर कागदावर तो श्रीमंत ठरतो आणि दुष्काळाच्या वर्षी अपात्र होतो.

आता मुख्य गोष्टीकडे. बहुतेक फार्म नंबरांच्या नावावर बेस एकर नावाची एक संख्या असते. काही दशकांपूर्वीच्या ठरावीक वर्षांत त्या जमिनीत कापूस, गहू, ज्वारी किती एकर होती, त्यावरून ती ठरली आणि पुढच्या कायद्यांत थोडीफार बदलत टिकून राहिली. तिला जोडून एक उतारा, म्हणजे एकरी उत्पादनाचा आकडा, असतो, तोही जुना. पीएलसी नावाच्या कार्यक्रमाचं गणित या दोन आकड्यांवर चालतं. कायद्यानं एक संदर्भभाव ठरवलेला असतो. देशभरातला त्या हंगामाचा सरासरी बाजारभाव त्याच्या खाली गेला, की फरक गुणिले जुना उतारा गुणिले बेसचे ८५ टक्के, इतके पैसे मिळतात.

कापसाचं उदाहरण घेऊ. इथे हिशेब सरकीसकट कापसाचा होतो, म्हणून रुईच्या उताऱ्याला २.४ नं गुणतात. संदर्भभाव पौंडाला ३६.७ सेंट होता. समजा हंगामाची सरासरी ३२ सेंट निघाली, फरक ४.७ सेंट. २.४ नं गुणून आलेला जुना उतारा एकरी १,००० पौंड, बेस ५०० एकर. पाचशेचे ८५ टक्के म्हणजे ४२५. तेव्हा ०.०४७ गुणिले १,००० गुणिले ४२५, म्हणजे १९,९७५ डॉलर. अर्थसंकल्पी कपातीचे ५.७ टक्के वजा जातात. हातात पडतात सुमारे १८,८३६. या पूर्ण गणितात यंदा त्या शेतात काय आहे, याला जागाच नाही. कापसाच्या बेसवर ज्वारी पेरा, गहू पेरा, पडीक ठेवा. भाव कापसाचा पडला तर पैसे कापसाचे. मात्र भाजीपाला-फळं बेसच्या ठरावीक हिश्श्यापलीकडे लावली की तेवढे पैसे कापले जातात. आणि उलटही खरं: यंदा हजार एकर कापूस पेरला, पण त्या जमिनीला बेसच नाही, तर भाव कितीही पडो, पीएलसीचं खातं कोरडं.

हे इतकं उफराटं का केलं असेल? त्यामागे एक युक्तिवाद आहे आणि तो अगदीच फालतू नाही. पैसे आजच्या पेरणीला जोडले तर शेतकरी भावाकडे न पाहता अनुदानाकडे पाहून पेरतो, उत्पादन वाढतं, भाव आणखी पडतो. जुन्या नोंदीला पैसे जोडले तर पेरणीचा निर्णय मोकळा राहतो. जागतिक व्यापार संघटनेच्या भाषेतही अशा पैशाला कमी दोष लागतो. पण शेतकरी हिशेबी असतो. कायदा बदलला की बेस नव्यानं ठरवण्याची संधी अधूनमधून येते, हे त्याला ठाऊक असतं. मग आज काय पेरावं, यात उद्याच्या नोंदीचा विचार शिरतोच.

कापसाच्या बाबतीत तर या नोंदीनं समुद्र ओलांडले. ब्राझीलनं २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तक्रार केली; २००५ मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनीही आपल्या कापसाची कैफियत मांडली होती. अमेरिकेनं अनुदान लगेच बंद केलं नाही. ब्राझीलनं प्रत्युत्तरादाखल आयातकर लावू नयेत म्हणून २०१० पासून ब्राझीलच्याच कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचं अनुदान चालू राहावं म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यालाही पैसे दिले. २०१४ च्या कायद्यानं कापूस या यादीतून काढला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सरकीसकट कापूस म्हणून परत आला.

महाराष्ट्रात ही कथा नवी नाही. शरद जोशी उणे सबसिडीचा मुद्दा मांडत असत, की आपलं सरकार शेतकऱ्याला देतं त्यापेक्षा भाव पाडून जास्त काढून घेतं. तेव्हा समोर तुलनेला अमेरिकेचा शेतकरीच असायचा. २०१८ च्या नोव्हेंबरात उलटा प्रकार झाला: भारत कापसाला मर्यादेपलीकडे आधार देतो, असं अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत कागद दाखल करून सांगितलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतानं कापसावरचा ११ टक्के आयातकर तात्पुरता उठवला, तो पुढे डिसेंबरअखेरपर्यंत लांबवला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा ८,११० रुपये जाहीर होता. आता डॉसन काउंटीतला बेस एकर आणि यवतमाळच्या बाजारातला क्विंटलचा भाव यांच्यामध्ये फार टप्पे उरत नाहीत.

पुन्हा काउंटीत येऊ, कारण खरा पेच मालक आणि कसणारा यांच्यामधला आहे. पश्चिम टेक्सासात जुनी वाटणी अशी, की धान्याचा तिसरा हिस्सा मालकाचा आणि कापसाचा चौथा. बटईनं जमीन दिली असेल तर सरकारी पैसेही त्याच वाट्यानं विभागले जातात. खंडानं, म्हणजे रोख भाड्यानं दिली असेल तर सगळे पैसे कसणाऱ्याचे, कारण जोखीम त्याची. कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. व्यवहारात मालक म्हणतो, तुला एकरी इतके सरकारकडून मिळणार आहेत हे मला दिसतंय, तर खंड वाढव. कसणारा वाढवतो, नाहीतर शेजारचा जमीन घेतो. असं करत करत पैशाचा एक हिस्सा न कसणाऱ्या मालकाकडे पाझरतो, आणि तो मालक कित्येकदा डॅलसला राहणारी, बापजाद्यांची जमीन सांभाळणारी तिसरी पिढी असते. बेस जमिनीबरोबर विकला जातो, म्हणून जमिनीची किंमतही त्यानं फुगते. तरुण माणसाला जमीन घेणं अवघड जातं, आणि मग तरुणांसाठी वेगळी योजना काढावी लागते.

याची मुळं १९३३ मध्ये आहेत. मंदीत कापसाचा भाव तळाला गेला होता. पीक शेतात उभं असताना सरकारनं पैसे देऊन सुमारे एक कोटी एकर कापूस नांगरून टाकायला लावला. धनादेश जमीनमालकाच्या नावानं निघाले. वाटेकऱ्याला त्यातून हिस्सा द्यावा अशी अपेक्षा होती. कित्येक मालकांनी तो दिला नाही, आणि क्षेत्र कमी झालंच आहे तर वाटेकरी तरी कशाला ठेवायचे म्हणून त्यांना घरांतूनही काढलं. १९३४ मध्ये अर्कान्सासमधल्या टायरोन्झा गावी काळ्या आणि गोऱ्या कुळांनी मिळून संघटना काढली, ती यातूनच. सर्वोच्च न्यायालयानं १९३६ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला, १९३८ मध्ये नवा आला. नव्वद वर्षं झाली. कागदावर नाव कोणाचं, हा प्रश्न तसाच आहे.

नावांवरून आठवलं. एका व्यक्तीला पीएलसीसारख्या कार्यक्रमातून वर्षाला सव्वा लाख डॉलरची मर्यादा होती; २०२५ च्या कायद्यानं ती १ लाख ५५ हजार केली आणि महागाईशी जोडली. मर्यादा माणशी आहे, शेतामागे नाही. साधी भागीदारी केली तर जितके भागीदार तितक्या मर्यादा. नवराबायको मिळून दोन. २०१८ च्या कायद्यानं कुटुंबात पुतणे, भाचे, चुलत-मावस भावंडंही धरली. प्रत्येकानं कष्ट किंवा कारभार यांत भाग घेतला पाहिजे अशी अट आहे; पण फोनवरून कापूस कधी विकायचा ते ठरवणं हाही कारभारच, आणि तो मोजायचा कसा? शेतकामाचे तास डायरीत लिहिता येतात. कारभाराचे तास ज्यानं लिहिले त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. इथे खरा सल्लागार कृषीवाला नसतो, सनदी लेखापाल आणि वकील असतात. सरकारी लेखापरीक्षकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की १९९९ ते २००५ या काळात १ लाख ७२ हजारांवर मृत व्यक्तींच्या नावे १.१ अब्ज डॉलर दिले गेले होते. त्यातली सगळीच फसवणूक नव्हती. मृत्युपत्राची वासलात लागायला वर्षं जातात आणि तोवर खातं इस्टेटीच्या नावानं चालतं. पण वर्षामागून वर्षं तसंच चालू असेल तर कोणीतरी विचारायला हवं होतं.

पीकविमा हा दुसरा मोठा झरा, आणि खऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचाराल तर पहिला. यात मात्र पीक पाहिलं जातं. आपल्या शेताचा चार ते दहा वर्षांचा सरासरी उतारा काढतात. समजा तो एकरी ४०० पौंड रुई आहे आणि ६५ टक्के संरक्षण घेतलं. हमी २६० पौंडांची. फेब्रुवारी महिन्यातल्या डिसेंबर वायद्याच्या सरासरीवरून भाव ठरतो. तो ७५ सेंट धरला तर एकरी १९५ डॉलर. हप्त्यातला मोठा वाटा सरकार भरतं; ६५ आणि ७० टक्क्यांच्या संरक्षणाला तो बरीच वर्षं ५९ टक्के होता. या अनुदानाला ना माणशी मर्यादा, ना उत्पन्नाची अट. जितके एकर जास्त, तितकं अनुदान जास्त.

विम्यात बिघडतं ते बहुधा घाईनं. पीक गेलेलं दिसलं की ७२ तासांत एजंटला कळवायचं. नुकसान तपासणारा कंपनीचा अ‍ॅडजस्टर येऊन शेत मोकळं करेपर्यंत त्यात नांगर घालायचा नाही. वाळू उडायला लागली आणि रान फिरवणं भागच असेल, तर कंपनीच्या संमतीनं शेताच्या पूर्ण लांबीच्या, निदान दहा फूट रुंद नमुना-पट्ट्या राखून मगच. पट्ट्या राखल्या नाहीत तर दाखवायला काही उरत नाही. पेरणीची शेवटची तारीख काउंटीनुसार मेअखेर ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. ओल नसतानाही धुळीत बी टाकणारे ट्रॅक्टर त्या आठवड्यात दिसतात. बाहेरच्या माणसाला तो वेडेपणा वाटतो. पण पाऊस पुढच्या आठवड्यातही येऊ शकतो, आणि नाही आला तर विम्याला पेरलेलं पीक लागतं. २०२२ च्या दुष्काळात टेक्सासमध्ये पेरलेल्या कापसापैकी निम्म्याहून कितीतरी जास्त क्षेत्र वेचणीपर्यंत पोचलंच नाही. विमा होता म्हणून त्या काउंट्यांतली बँक आणि बियाण्याची दुकानं तगली. जिनिंगचं तसं नाही. तिला गाठी लागतात. शेतकऱ्याला भरपाई मिळाली म्हणून जिनिंगच्या हमालाला मजुरी मिळत नाही.

हाच विचार जमीन पडीक ठेवण्याच्या योजनेत कायद्यानंच घातला आहे. सीआरपी, १९८५ ची. धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षं गवताखाली ठेवायची, सरकार एकरी भाडं देतं. या वाऱ्याच्या मुलखात योजनेचं मोल फार आहे. पण एका काउंटीतल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी साधारणपणे २५ टक्क्यांहून जास्त जमीन यात घेता येत नाही. सगळेच गवत पाळून भाडं खायला बसले तर खतवाला, डिझेलवाला आणि जिनिंगवाला गाव सोडून जाईल, हे कोणीतरी वेळेत ओळखलं.

काउंटीची हद्द ही या व्यवस्थेतली सर्वांत निर्जीव पण सर्वांत ताकदवान गोष्ट. मार्चमध्ये पर्याय कळवताना पीएलसीऐवजी एआरसी नावाचा दुसरा कार्यक्रम निवडला तर हिशेब काउंटीच्या सरासरी उत्पन्नावर होतो. गारपिटीनं तुमचं शेत झोडपलं, पण काउंटी चांगली पिकली, तर एआरसीचा एक छदाम नाही. महाराष्ट्रात महसूल मंडळाच्या पीककापणी प्रयोगावर विमा ठरतो आणि मंडळाच्या दुसऱ्या टोकाला पाऊस झाला म्हणून आपण वगळले जातो, तसलाच हा प्रकार. चाऱ्याच्या मदतीला दुष्काळ-नकाशावरची काउंटीची पातळी पाहतात. २०१९ मध्ये चीनशी झालेल्या व्यापारयुद्धाची भरपाई दिली, तेव्हा तर प्रत्येक काउंटीला एकरी वेगळा दर ठरवला, १५ पासून १५० डॉलरपर्यंत. दर काउंटीच्या पीकरचनेवरून आलेला, त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा. माती तीच, वारा तोच.

या कचेरीवर तिथलेच शेतकरी निवडून दिलेली समिती असते, तीन ते अकरा जणांची, तीन वर्षांच्या मुदतीची. कल्पना उत्तम: ज्याला मुलूख ठाऊक, त्यानं निर्णय घ्यावा. पण ज्याला मुलूख ठाऊक असतो त्याला माणसंही ठाऊक असतात. दक्षिणेत या समित्या दशकानुदशकं जवळपास पूर्ण गोऱ्या होत्या. काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे अर्ज महिनोन्‌महिने पडून राहत. कर्ज पेरणी उलटल्यावर मंजूर झालं तर त्याचा उपयोग काय? १९९७ मध्ये पिगफर्ड या काळ्या शेतकऱ्याच्या नावानं दावा दाखल झाला, १९९९ मध्ये तडजोड झाली, आणि सरकारनं सुमारे एक अब्ज डॉलर मोजले. २०१० मध्ये दुसऱ्या फेरीत आणखी सव्वा अब्ज. कर्ज वेळेत मिळालं नाही म्हणून पेरलं नाही, पेरलं नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पुढचं अनुदान नाही. भरपाईत यातलं फक्त पहिलं पाऊल धरलं गेलं.

गेल्या काही वर्षांत नियमित कार्यक्रमांपेक्षा तातडीची मदतच मोठी होऊ लागली आहे. २०२० मध्ये सगळं मिळून ४५ अब्ज डॉलरच्या वर गेलं. डिसेंबर २०२४ च्या कायद्यानं १० अब्जांची मदत दिली, कापसाला एकरी ८४.७४ डॉलर, ती मात्र त्या वर्षीच्या ५७८ फॉर्मवरच्या पेऱ्यावरून. ज्यांनी जुलैत फॉर्म नीट भरला होता त्यांच्याकडे कचेरीनं आधीच भरलेला अर्ज पाठवला, सही करा आणि परत द्या. ज्यांच्या नोंदीत गफलत होती ते वसंतात कचेरीच्या दारात उभे होते.

४ जुलै २०२५ च्या कायद्यानं कापसाचा संदर्भभाव ३६.७ वरून ४२ सेंट केला आणि देशभरात तीन कोटी एकरांपर्यंत नवा बेस द्यायचं ठरवलं. त्यासाठी अर्ज नाही. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांतला सरासरी पेरा जुन्या बेसपेक्षा जास्त असेल तर फरक मालकाच्या जमिनीवर चढवायचा, एकूण बेरीज तीन कोटींवर गेली तर सगळ्यांना त्याच प्रमाणात कात्री. त्या पाच वर्षांचे ५७८ फॉर्म काढून फील्ड-नंबरनिशी तपासणं, दरम्यान फार्म नंबर फुटले किंवा एकत्र झाले असतील तर ते जुळवून घेणं, आणि बटईदार बदलला असेल तर त्या वर्षीचा फॉर्म कोणी भरला होता ते शोधणं, एवढं काम मालकानं स्वतः करावं. सरासरीत पेरलेलं क्षेत्र धरतात आणि ओल नसल्यामुळे पेरता न आलेलं, पण वेळेत कळवलेलं क्षेत्रही धरतात. म्हणजे २०२२ ला ज्या रानात एक बोंड धरलं नाही, तेही मोजलं जाईल, फॉर्म भरला असेल तर.